चांदीची मोटार घेताना

पोरी, सांगलीच्या सराफ कट्ट्यावर जाऊन ‘चांदीची जुन्या जमान्यातली मोटार दाखवा’ म्हणालीस, तर सराफ ती आधी काट्यावर ठेवेल. वजन सांगेल, आजचा भाव सांगेल, मग मजुरी. ती मोटार मुळात कुणी घडवली, कोणत्या साली रस्त्यावर आली, तिला चाकं तीन होती की चार, हे तो सांगणार नाही. ते काम घेणाऱ्याचं आहे. रुखवतात मांडलेल्या एका चांदीच्या मोटारीवरून तुला हा नाद लागला, याचा मला फार आनंद आहे. माझे वडील सोनारकाम करत आणि माझा जन्म ओतशाळेत लाकडी पॅटर्न करण्यात गेला. म्हणून चांदी आणि इंजिन या दोन्हींबद्दल चार गोष्टी तुझ्या कानात घालतो.

पहिली गोष्ट: आधी माणूस वाच, मग मोटार घे. ज्याने मोटार केली त्याचं चरित्र नीट वाचलं असेल, तर चांदीत झालेली चूक दुकानातच नजरेत भरते.

कार्ल बेंझचंच घे. २९ जानेवारी १८८६ ला त्याने जर्मनीत पेटंटचा अर्ज केला, पेटंट क्रमांक ३७४३५. त्या गाडीला चाकं तीनच. मागे एकच सिलिंडर, ९५४ सीसीचं, ताकद एक अश्वशक्तीपेक्षाही कमी. त्या इंजिनाचं मोठं फ्लायव्हील बेंझने आडवं बसवलं होतं, कारण उभं बसवलं तर वळणावर गाडी वळायला अडेल अशी त्याला धास्ती होती. हातात धरायला गोल स्टिअरिंग नाही, उभ्या दांड्याला जोडलेली मूठ. चाकांना सायकलसारख्या तारा आणि भरीव रबर. एवढं डोक्यात पक्कं असलं की ‘बेंझ १८८६’ म्हणून चार चाकांची किंवा गोल स्टिअरिंगची मोटार कुणी पुढे केली, तर तू ती शांतपणे परत ठेवशील. गोल स्टिअरिंग १८९४ च्या पॅरिस ते रूआँ शर्यतीत व्हाशरों नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पानार गाडीला बसवून आणलं. त्याआधीच्या गाड्यांना बहुतेक मुठी, नाहीतर होडीसारखे दांडे. इंजिन सुरू करायचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला. त्याआधीच्या पेट्रोल गाडीला हॅण्डल मारायची जागा दिसलीच पाहिजे.

आणखी एक फसगत होते ती नावात. ‘डाइमलर-बेंझ १८८६’ असं पायथ्यावर कोरलेल्या प्रतिकृती मी पाहिल्या आहेत. गॉटलीब डाइमलर आणि त्याचा सोबती विल्हेल्म मायबाख कानश्टाटला काम करत होते, बेंझ मानहाइमला. दोघांचे कारखाने वेगळे, गाड्या वेगळ्या. १८८६ ची डाइमलरची गाडी म्हणजे घोडागाडीच्या सांगाड्यात बसवलेलं इंजिन, म्हणून तिला चार चाकं. डाइमलर १९०० साली वारला आणि दोन्ही कंपन्या एक झाल्या १९२६ साली. म्हणजे १८८६ मध्ये ‘डाइमलर-बेंझ’ नावाची वस्तूच जगात नव्हती. मायबाख तर लहानपणीच पोरका झालेला, अनाथ मुलांच्या आश्रमात वाढलेला, तिथल्याच कारखान्यात डाइमलरच्या नजरेत आलेला. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मायबाख आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. ती बघताना त्या पोरक्या मुलाची आठवण ठेव.

आता बेर्टा बेंझबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तुझ्या संग्रहात ही बाई हवीच.

बेर्टाने लग्नाआधीच आपल्या हुंड्याच्या पैशातला वाटा कार्लच्या धंद्यात घातला होता. त्याचा भागीदार भरवशाचा निघेना, तेव्हा त्याला मोकळं करून कारखाना वाचवला तो तिच्या पैशाने. आपल्याकडे याला स्त्रीधन म्हणतात. पेटंटवर मात्र तिचं नाव नाही. पुढे गाडी तयार झाली, तरी गिऱ्हाईक येईना. लोक पाहायचे आणि निघून जायचे. कार्ल संशोधक होता, विकणं त्याला जमत नव्हतं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी बेर्टाने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, दोन मुलांना, ऑयगेन आणि रिचर्ड यांना, बरोबर घेतलं आणि मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरच्या वाटेला लागली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. सांगलीहून निघून कराड ओलांडावं आणि साताऱ्याच्या वाटेला लागावं, तेवढं. रस्ता घोडागाड्यांचा, पेट्रोल पंप ही गोष्ट जगात कुठेच नव्हती.

वाटेत इंधन संपत आलं तेव्हा तिने वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. डाग काढायला वापरायचं ते द्रव्य, त्यावरच गाडी चालायची. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. एका तारेचं वेष्टण गेलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांना उतरून गाडी ढकलावी लागली. परत आल्यावर तिने हे कार्लला सांगितलं आणि गाडीला चढासाठी आणखी एक गिअर आला. त्या एका प्रवासाने लोकांची खात्री पटली की हे यंत्र घरच्या माणसाला लांबच्या गावी नेऊन परत आणतं.

म्हणून बेंझची चांदीची मोटार घेशील तेव्हा पायथ्याच्या पट्टीवर दोघांची नावं कोरून घे. जगातल्या मोटारीच्या पहिल्या भांडवलात एका बाईचं स्त्रीधन आहे, हे रुखवत बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला कळू दे.

हेन्री फोर्डची पहिली गाडी, क्वाड्रिसायकल, ४ जून १८९६ च्या पहाटे डेट्रॉइटला तयार झाली. शेडच्या दारातून ती बाहेर निघेना, म्हणून फोर्डने कुऱ्हाडीने भिंत फोडली. चार सायकलची चाकं, वळवायला दांडा, मागे जायची सोय नाही. तिची प्रतिकृती नाजूक असते, तारा वाकतात. घेताना चारही चाकं टेबलाला टेकतात का बघ. मॉडेल टी वेगळी. १ ऑक्टोबर १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटी निघाल्या. तिच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर शंभर इंच. विकणारा प्रमाण सांगत असेल तर गणित कर: १:४३ म्हणाला, तर चांदीच्या गाडीत हे अंतर ५९ मिलिमीटर भरलं पाहिजे. कंपास खिशात ठेव. ‘प्रमाणबद्ध’ असं तोंडाने सगळेच म्हणतात.

रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’ चांदीत घ्यायचा मोह तुला होणारच, नावातच चांदी आहे. मूळची ती १९०७ ची एकच गाडी, नंबर एएक्स २०१. तिला रंग ॲल्युमिनिअमचा होता. चांदी होती ती दिव्यांवर आणि इतर फिटिंग्जवर, तीही मुलाम्याची. पुढे त्या जातीच्या सगळ्याच गाड्यांना लोक ते नाव लावू लागले. रॉइस पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, लहानपणी वर्तमानपत्रं विकलेला. रोल्स सरदार घराण्यातला, १९१० साली विमान अपघातात गेला. दोघांची पहिली भेट ४ मे १९०४ ची, मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात. गाडीच्या टोपणावरची पंख पसरलेली बाई १९११ साली आली. तेव्हा ‘१९०७ ची सिल्व्हर घोस्ट’ म्हणून दिलेल्या प्रतिकृतीच्या नाकावर ती बाई बसली असेल, तर घडवणाऱ्याने वाचलेलं नाही.

शोधकांच्या इतिहासात सालं भांडणाची असतात, तिथे घाई करू नकोस. व्हिएन्नाच्या झिगफ्रीड मार्कुसची गाडी कित्येक वर्षं १८७५ ची म्हणून सांगितली जात होती. नंतरच्या शोधात ती १८८८-८९ च्या सुमाराची ठरली. पण ही गोष्ट इथेच थांबवलीस तर त्या माणसावर अन्याय होईल. मार्कुस ज्यू होता. नाझी राजवटीत त्याचं नाव ज्ञानकोशातून काढावं आणि तिथे डाइमलर आणि बेंझ यांना मोटारीचे जनक म्हणावं, असा सरकारी हुकूम निघाला होता. म्हणजे एका बाजूने त्याला नसलेलं साल चिकटवलं गेलं, दुसऱ्या बाजूने असलेलं श्रेय पुसलं गेलं. अमेरिकेत जॉर्ज सेल्डन नावाच्या वकिलाने १८७९ मध्ये अर्ज करून ठेवला आणि १८९५ मध्ये मोटारीचं पेटंट मिळवलं. अर्ज केला तेव्हा त्याच्याकडे चालणारी मोटार नव्हती, तरी तो कारखानदारांकडून पैसे घेत राहिला; फोर्ड त्याच्याशी कोर्टात लढला आणि १९११ साली अपिलात जिंकला. पेटंट कुणाचं, गाडी कुणी चालवली आणि पैसा कुणाचा, या तीन गोष्टी वहीत वेगवेगळ्या लिही.

हां, वही. जाड, शिवलेली. प्रत्येक मोटारीला दोन पानं. एका पानावर मूळ गाडी आणि माणसं. दुसऱ्या पानावर ही चांदीची वस्तू: वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत, लांबी, छाप, कुणाकडून घेतली, बिल, मजुरी. दोन सालं कधी मिसळू नकोस. गाडीचं साल १८८६ असेल, चांदीचं साल १९८६ असू शकतं. बेंझच्या पेटंटला १९८६ साली शंभर वर्षं झाली, तेव्हाच्या आठवणी म्हणून केलेल्या वस्तू बाजारात येतात आणि विकणारा त्यांनाच ‘शंभर वर्षांची अँटिक’ म्हणतो. अमेरिकेतल्या फ्रँकलिन मिंटने स्टर्लिंग चांदीच्या छोट्या पट्ट्यांवर मोटारींची उठावाची चित्रं काढून संच विकले. तेही सुंदर आहेत, पण संग्रह करणाऱ्यांसाठीच काढलेले. त्यांचा भाव तसाच धर.

चांदीचं साल छापावरून कळतं. इंग्लंडच्या वस्तूवर चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. शेजारी जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमची तपासणी, बिबळ्याचं तोंड असेल तर लंडनची. आणि एक अक्षर असतं, त्यावरून वर्ष निघतं. जर्मन वस्तूवर चंद्रकोर आणि मुकुट, सोबत ८०० किंवा ९२५. ‘ईपीएनएस’ ही अक्षरं दिसली तर तो नुसता मुलामा, आत जर्मन सिल्व्हर. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदी औषधालाही नसते. आपल्या देशात चांदीचा हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे, पण १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या वस्तूलाही सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी मिळू लागला आहे. नवी वस्तू घेताना तो माग, आणि बीआयएसच्या मोबाइल ॲपवर तिथल्या तिथे तपासून बघ.

छाप नसेल तर पाण्याची कसोटी. वस्तू कोरडी तोल, मग दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवून लोंबकळत तोल. किती घट आली ते बघ. कोरड्या वजनाला त्या घटीने भाग. शुद्ध चांदीला साडेदहा यायला हवेत, ९२५ ला १०.३६ च्या आसपास, जर्मन सिल्व्हरला पावणेनऊच्या आत. म्हणजे दीडशे ग्रॅमची स्टर्लिंग मोटार पाण्यात साडेचौदा ग्रॅमने हलकी होईल, जर्मन सिल्व्हरची सतरा ग्रॅमच्या वर. मोटार पोकळ असते, त्यामुळे आत बुडबुडा राहू देऊ नकोस, नाहीतर खरी चांदीही खोटी ठरेल. आणि आकडा फारच कमी आला तर पोटात लाख किंवा राळ भरलेली आहे असं समज. पातळ पत्रा ठोकून केलेल्या कामात ती भरायची पद्धत जुनी आहे, त्यात वावगं काही नाही; पण लाखेला चांदीचा भाव देऊ नये. लोहचुंबकावर भरवसा ठेवू नकोस. तो फक्त लोखंड सांगतो. पितळ आणि जस्त त्याच्या हाती लागत नाहीत.

याच्याही पुढे शंका असेल तर गलाईवाल्याकडे जा. ही आपल्या भागाची मोठी देणगी आहे, आणि तुला कदाचित तिची किंमत ठाऊक नसेल. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, तिकडे साताऱ्याचे माण-खटाव: पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून या गावांतली माणसं पिढ्यानपिढ्या सोनंचांदी गाळायच्या कामाला देशभर गेली. केरळपासून बंगालपर्यंत सराफी बाजाराच्या गल्लीत विट्याकडचा मराठी माणूस सापडतो. सोन्यात तिप्पट चांदी मिसळून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायची, चांदी विरघळते, सोनं तळाला राहतं. मग त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी पुन्हा खाली बसते. एवढ्या ज्ञानावर आणि हाताच्या चोखपणावर त्यांनी परक्या मुलखात पत मिळवली. परगावी एखादी मोटार मिळाली आणि मन कच खाऊ लागलं, तर तिथल्या सराफ गल्लीत गलाईचं दुकान विचार, आपल्या गावाचं नाव सांग. तो टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून देईल. मात्र आधीच सांग की वस्तू मोडायची नाही, टंचाला पायथ्याच्या आतल्या बाजूने कणभरच घ्या. मशीनवर तपासलं तर ओरखडाही पडत नाही, पण ते मशीन वरचा पातळ थरच वाचतं. जाड मुलामा त्याला चोख चांदी वाटतो. म्हणून मशीन आणि पाणी, दोन्ही साक्षी घे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. बिडाला आम्ही पॅटर्नमध्ये शेकडा एक भाग जास्त धरायचो, चांदीही आकसते. त्यामुळे कुणी तयार चांदीच्या मोटारीवरूनच साचा घेऊन दुसरी ओतली, तर ती मूळ नगापेक्षा थोडी लहान भरते, आणि तिच्या कडा बोथट, तारा जाड, अक्षरं बुजलेली दिसतात. मूळ नगाची मापं तुझ्या वहीत असली की नक्कल कंपासला सापडते. झाळ कुठे दिली आहे तेही भिंगातून बघ. चांगल्या कारागिराची झाळ जोडाच्या आत राहते. जिथे ती बाहेर ओघळली आहे तिथे नंतर दुरुस्ती झालेली असते. दुरुस्ती झाली म्हणून वस्तू टाकू नकोस, वहीत लिही.

राखण्याबद्दल थोडक्यात. चांदी काळी पडते ती गंधकाने. रबर, लोकर, वर्तमानपत्राचा कागद यांपासून तिला दूर ठेव. काही प्रतिकृतींना खऱ्या रबराची टायर असतात. त्या रबरातलं गंधक चाकाची कड खात राहतं, तेव्हा टायर काढून वेगळ्या पुडीत ठेव. धुतलेल्या मलमलीत गुंडाळायची, हवाबंद डब्यात ठेवायची, शेजारी ओल शोषायला सिलिका जेलची पुडी. राखुंडी, दंतमंजन, रांगोळी यांनी देवाची भांडी घासतात तशी मोटार कधी घासायची नाही; एकेका घासण्यात चांदी जाते आणि आधी जातात त्या बारीक तारा आणि अक्षरं. कोमट पाणी, रिठ्याचा फेस, मऊ ब्रश, लगेच कोरडं करणं, बास. ॲल्युमिनिअमची फॉइल आणि खायचा सोडा गरम पाण्यात घालून चांदी उजळते हे खरं आहे, पण मुद्दाम काळ्या केलेल्या रेघाही त्यात उडतात, आणि आत लाख असेल तर ती मऊ होते.

आणि सांगलीत राहतेस म्हणून एक जास्तीची सूचना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं; धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पुरात घराघरांतली कागदपत्रं आणि वाचनालयाची पुस्तकं गेली. चांदी पुरातून निघते, स्वच्छ पाण्याने गाळ वाहू दिला की झालं. गाळ सुका असताना पुसायचा तेवढा नाही, वाळू ओरखडे पाडते. पण वही गेली की संग्रहाचा अर्धा जीव गेला. वही आणि बिलं वरच्या मजल्यावर, आणि प्रत्येक पानाचा फोटो साताऱ्याच्या मामाकडे.

इथवर परदेशाचं झालं. तुझा संग्रह तिथेच थांबला तर मला वाईट वाटेल, कारण आपल्या भागाला यंत्राचा इतिहास थोडाथोडका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली सायकलचं दुकान काढलं. युरोपात ओपेल, स्कोडाचे लौरिन आणि क्लेमेंट, हे सगळे सायकलीतूनच मोटारीकडे गेले. लक्ष्मणराव गेले ते नांगराकडे, कारण समोर शेतकरी होता. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. साताऱ्याला धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. तिथे पुढे डिझेल इंजिनं झाली. तेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि विश्रामबागेतलं आपलं इंजिनिअरिंग कॉलेज, १९४७ चं, १९५५ पासून त्यांचंच नाव लावतं. त्यांच्या कारखान्यातली पद्मिनी चांदीत कुणी केली आहे का ते शोध.

आणि या सगळ्यांत मला सगळ्यात जवळची वाटते ती मीरा. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात स्वतःच्या डोक्याने आणि हाताने छोटी मोटार केली, आणि एकावर न थांबता पुढची दोन-अडीच दशकं नवनवी रूपं करत राहिले. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी, किंमत बारा हजारांच्या आसपास, असं त्यांचं स्वप्न. ती कारखान्यातून कधी निघाली नाही. बेंझची प्रतिकृती जगात हजारो जणांकडे असेल. मीराची चांदीतली प्रतिकृती माझ्या पाहण्यात नाही, आणि ती करायला लागणारं सगळं आपल्या दाराशी आहे. इचलकरंजीपासून हाकेच्या अंतरावर चांदीकामाचं गाव हुपरी. तिथला कारागीर पैंजणासाठी तार ओढतो, बारीक कड्या जुळवतो, घुंगराला झाळ देतो; चाकाच्या तारा आणि दिव्याच्या कड्या त्याच्या हाताला नव्या नाहीत. त्याला फोटो एकच देऊ नकोस. पुढून, मागून, बाजूने, वरून अशी चार चित्रं मापांसह काढून दे. पॅटर्न मी करून देईन, लाकडात, आकसण्याची सूट धरून. चांदी ९२५ ची सांग, चोख नको. चोख चांदी मऊ, चाकाच्या तारा वाकतील. मजुरी आधी ठरव आणि घासाघीस करू नकोस. असं काम रोजच्या पैंजणाच्या भावात होत नाही, आणि कारागिराचं नावही पायथ्याखाली कोरायला सांग.

त्याच्या शेजारी दुसरी जागा मोकळी ठेव. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या, एका लोहाराने भंगारातून छोटी चारचाकी केली. ती मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होते. २०२२ च्या जानेवारीत आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्याला बोलेरो दिली आणि ती गाडी आपल्या संग्रहात नेली. त्याला भेट, त्याच्या तोंडून सगळं लिहून घे. बेर्टाची हकीकत आपल्याला कळली ती घरच्या माणसांनी सांगितली म्हणून. मीरा चालताना पाहिलेली माणसं आता माझ्या वयाची आहेत, काही माझ्याहून मोठी. चांदी पुढच्या वर्षीही मिळेल, म्हणून त्यांच्याकडे आधी जा. हुपरीला मग आषाढात जाऊ. तेव्हा लग्नसराई नसते आणि कारागिराला बसून ऐकायला वेळ असतो.